गॅरेजमधले पत्रक

घरगुती संगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांपासून सुरुवात करतो. ही सुरुवात मला चुकीची वाटते. ॲपलचा संगणक ज्या मंडळींत आकाराला आला, त्या 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'च्या पत्रकाचे अंक मी अलीकडे सलग वाचले. १९७५ ते १९७७ या काळात ते २१ निघाले.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये ३२ माणसे जमली. निमित्त होते 'आल्टेअर ८८००' या संगणकाचे. सुमारे ४०० डॉलरला सुटे भाग मिळत, ते घरी जोडायचे. कळफलक नाही, पडदा नाही; समोर नुसते खटके आणि दिवे. मूळ स्मृती अवघी २५६ बाइट. हा परिच्छेदही तीत मावला नसता! जमलेल्यांपैकी फ्रेड मूर यांनी दहाच दिवसांत पत्रक काढले. मूर हे मुळात शांततावादी कार्यकर्ते.

लेखन म्हणून हे पत्रक सुमारच आहे. वाक्ये तुटक, मांडणी दाटीवाटीची, आणि इलेक्ट्रॉनिक्स न येणाऱ्याला दाराबाहेरच ठेवणारी भाषा. त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सभासदांची यादी. कोणाजवळ काय आहे, कोणाला काय येते, कोण कशाच्या मागे आहे, एवढेच नावापुढे लिहिलेले. स्टीव्ह वॉझ्नियॅक या तरुणाच्या नोंदीचा मथितार्थ असा : पडद्यावर अक्षरे उमटवणारे यंत्र स्वतः रचले आहे, वेळ कमी आहे, पण मंडलांचे आराखडे आहेत. पुढे ॲपल-१ चे आराखडेही त्याने क्लबात वाटले.

काही वर्षांपूर्वी मीही आमच्या संस्थेत एक पत्रक सुरू केले होते. लेख तपासलेले, आकृत्या नेटक्या. सहा अंकांत वाचकाचे एकही पत्र आले नाही, आणि पत्रक बंद पडले. दोष वाचकांचा, असे मी तेव्हा ठरवून टाकले. ही यादी वाचताना चूक उमगली. आम्ही फक्त सुटलेली गणिते छापत होतो. अडलेले काही छापलेच नाही, मग वाचकाने लिहायचे तरी काय?

१९७६ च्या आरंभी या पत्रकात बिल गेट्स यांचे पत्र आले. आल्टेअरसाठी लिहिलेली त्यांची 'बेसिक' भाषा बहुतेक छंदिष्ट फुकट नकलून घेतात, दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ती विकत घेतली, अशी तक्रार. वाचकांना चोर म्हणणारे पत्र संपादकांनी छापले, हे मला विशेष वाटते. तक्रार निराधार नव्हती. कागदी फितीच्या नकला क्लबात खरोखरच फिरत होत्या. पण असे काम फुकट कोण करील, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शेजारीच तयार होत होते. 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी'च्या पत्रकातून १९७५ मध्ये डेनिस ॲलिसन यांनी 'टायनी बेसिक'चा आराखडा मांडला. वाचकांनी आपापल्या आवृत्त्या लिहून कळवल्या. टॉम पिटमन यांनी तर आपली आवृत्ती पाच डॉलरना विकली. माझ्या मते हाच शहाणपणाचा मार्ग : नक्कल करण्याची खटपट नको वाटावी इतकी किंमत.

एक उणीव मात्र खटकते. संगणक लोकांच्या उपयोगी पडावा, ही मूर यांची तळमळ होती. ते लवकरच बाजूला झाले. पत्रक दुसऱ्यांनी चालू ठेवले, यादीची सवयही राहिली. पण हे यंत्र कोणासाठी, हा प्रश्न मागे पडला.

आमचे पत्रक मी पुन्हा काढणार आहे. पहिल्या पानावर यादी. माझ्या नावापुढे : जुना ऑसिलोस्कोप आहे, वेळ कमी आहे, त्याचा एक चॅनेल चालत नाही, दुरुस्त करणारा हवा आहे.