सावली गेलीच नाही, आणि १२० विद्यार्थ्यांनी लाभ घेतला

संशोधकांनी शाळेत जाऊन प्रयोग दाखवायचे उपक्रम सध्या बरेच चालतात. आज त्यांच्यावर थोडी टीका करायची आहे. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चार पीएचडीवाले मोहोळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो. विषय होता शून्य सावलीचा. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून ऑगस्ट. नशिबाने त्या दिवशी ढग नव्हते. मीटरभर काठी मैदानात उभी केली आणि मी ऐटीत सांगितलं, "बाराच्या ठोक्याला सावली गायब!"

बारा वाजले. सावली होती तिथेच. सातवीतल्या एका मुलीने पट्टी लावली आणि म्हणाली, "सर, तेरा सेंटिमीटर आहे की. गेलीच नाही." मी "थोडं इकडंतिकडं होतं" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. सव्वाबाराला ग्रुप फोटो काढला आणि आम्ही गाडीत बसलो.

हिशेब गाडीत केला. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. सोलापूर ७५.९ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर इथे सूर्य सव्वीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे ऑगस्टच्या सुरुवातीला आणखी सहाएक मिनिटांची भर पडते. म्हणजे इथली खरी दुपार १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास. आम्ही सावली नाहीशी व्हायच्या आधीच निघालो होतो! बारा वाजताची तेरा सेंटिमीटर सावली गणितात चोख बसते. त्या दिवसातला एकमेव खरा डेटा त्या मुलीने घेतला होता. अहवालात मात्र आम्ही लिहिलं, '१२० विद्यार्थ्यांनी लाभ घेतला.'

चूक वेळेची होती, ती कुणाकडूनही होते. मला जास्त खुपतं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशीही ती सावली पाचेक मिलिमीटरच्या वर गेली नसती. बाईंना एक फोन केला असता तर त्यांनीच मुलांकडून मोजून घेतलं असतं आणि 'बारा वाजता दुपार का होत नाही' यावर आठवडाभर वर्ग रंगला असता. मी फोन केला नाही. आमच्या उपक्रमात बाईंना कामच नव्हतं. मुलांना रांगेत बसवायचं, एवढंच.

आता मोठं उदाहरण घेऊ. ६ जुलै २०१७ रोजी सीएसआयआर आणि केंद्रीय विद्यालय संघटन यांनी 'जिज्ञासा' हा उपक्रम सुरू केला. ३८ प्रयोगशाळा, ११५१ शाळा. दरवर्षी एक लाख विद्यार्थी आणि सुमारे १००० शिक्षक हे लक्ष्य. कल्पना चांगलीच आहे. शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आतून पाहिलेलं मूल ते विसरत नाही. पण संशोधनाला बसणार असाल तर आकडा वाचताना भागाकार करायची सवय लावा. लाखाला ११५१ ने भागलं तर वर्षाला एका शाळेची साधारण ८७ मुलं. शिक्षक? शाळेमागे एकसुद्धा पूर्ण येत नाही. लक्ष्य मांडतानाच वजन कुठे टाकलंय ते इथे दिसतं. मूल दरवर्षी पुढच्या वर्गात जातं, शास्त्रज्ञ परत जातो. वर्गात टिकून राहतो तो शिक्षक.

हे आधी कुणाला कळलं नव्हतं असं नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. टीआयएफआर आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात होते. त्यांचा मुख्य वेळ शिक्षकांच्या प्रशिक्षणात, मासिक बैठकांत आणि पुस्तक घडवण्यात जायचा. मुलांसाठी प्रयोगाचं किट होतं. सगळ्यात महत्त्वाचं, परीक्षाच बदलली: पुस्तक उघडं ठेवून लेखी आणि सोबत प्रत्यक्ष प्रयोग. परीक्षा तीच ठेवून वर प्रयोग लावले तर ते सणासारखे होतात, एक दिवसाचे.

त्यातही उणीव होतीच. २००२ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला आणि सुमारे १००० शाळांत पोचलेला कार्यक्रम बंद झाला. सरकारी यंत्रणेत शिरल्याशिवाय परीक्षा बदलत नाही, आणि शिरलं की दोरी दुसऱ्याच्या हातात जाते. यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाला विज्ञान शिक्षणात विषय शोधायचा असेल तर इथे खरा प्रश्न आहे: बाहेरची माणसं गेल्यावर शिक्षकाच्या हातात नेमकं काय उरतं?

आपल्या जिल्ह्यात शिक्षक कमी पडतात म्हणावं, तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो जिल्हा परिषद शाळेतल्या कामासाठीच. अर्थात प्रत्येक शाळेत डिसले गुरुजी नसतात. पण 'शिक्षकांना काय कळतंय' या गृहीतकावर उपक्रम आखायचा हक्क आपल्याला नाही.

म्हणून शाळेत जायचं ठरवलंत तर निघण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचारा. हा प्रयोग पुढच्या सोमवारी बाई एकट्या करू शकतील का? मुलाचं मोजमाप माझ्या सांगण्याशी जुळलं नाही तर थांबायला माझ्याकडे अर्धा तास आहे का? आणि पुन्हा कधी येणार ती तारीख ठरली आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ती फक्त सहल आहे. सहलही वाईट नसते, पण अहवालात तिला सहलच म्हणा.

गेल्या महिन्यात मी बाईंना शेवटी फोन केला. या ऑगस्टला जाणार आहे, आणि यावेळी काठी त्याच उभी करतील. ती मुलगी आता तिथे नाही. नववीला शेजारच्या गावच्या हायस्कूलला गेली. तिचा तेरा सेंटिमीटरचा आकडा माझ्या वहीत आहे. निदान तेवढा तरी तिच्यापर्यंत पोचवा, असं बाईंना सांगितलंय.