परक्याची माया

‘अ टेस्ट ऑफ हनी’ हें नाटक १९५८ सालीं लंडनच्या रंगभूमीवर आलें, तेव्हां लेखिका शीला डिलेनी अवघी १९ वर्षांची होती. सॉलफर्डच्या गरीब वस्तींत राहणारी, शाळा नुकतीच सोडलेली जोसेफिन लग्नावांचून गरोदर राहते. खलाशी प्रियकर गेला तो परतलाच नाहीं. आई हेलन दुसऱ्या पुरुषाशीं लग्न करून निघून गेली आहे. ‘पाऊल घसरलेल्या’ मुलीची बोधकथा म्हणून जे हें नाटक वाचतील, त्यांची निराशा होईल.

जोसेफिनला लाजेपेक्षां जाळतें तें एकटेपण. सरावासाठीं आणलेली बाहुली ती आपटते. पोटच्या जीवाला मारून टाकण्याची भाषा करते. गर्भारपणांतहि नैराश्याचा विकार जडूं शकतो, व तो उपचारांनीं बरा होतो, हें आज वैद्यकास ठाऊक आहे. नाटकांत त्याचें नांव नाहीं, छाया मात्र स्पष्ट आहे. अशा वेळीं जेफ हा परका तरुण घर झाडतो, रांधतो, तिचा संताप निमूटपणें सोसतो. आई येते ती सामान घेऊन. जेफला घालविते, आणि मूल काळ्या वर्णाचें असेल असें कळतांच बाहेर पडते.

आमच्या मतें नाटकाचा दोष एकच : हेलनचे विनोद इतके खुसखुशीत आहेत कीं, प्रेक्षक तिला फार लवकर क्षमा करतो. संकटांतल्या मुलीला काय सांगावें, याचा विचार आपण आईबाप पुष्कळ करतों. तिच्याजवळ कसें राहावें, हें येथें एक परका शिकवितो.