गर्भाचं हृदय आणि ते ‘१०० टक्के’

परवा जर्नल क्लबमध्ये रीमा अर्नाउट आणि सहकाऱ्यांचा ‘नेचर मेडिसिन’मधला २०२१चा पेपर वाचला. सोनोग्राफीतून गर्भाच्या हृदयातले गुंतागुंतीचे जन्मजात दोष ओळखणारं न्यूरल नेटवर्क. मूळ प्रश्न खराच आहे. तपासणीत हृदयाचे ठरलेले पाच व्ह्यू मिळून असे ९० टक्के दोष दाखवू शकतात, प्रत्यक्षात काही ठिकाणी पकडले जातात फक्त ३० टक्के. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असली तरी हृदयाचे चार कप्पे बहुधा नॉर्मलच दिसतात. तेवढंच बघून थांबलं, तर दोष सुटतो. हे मॉडेल आधी पाचही व्ह्यू शोधतं, मग निकाल देतं. ही मांडणी मला मनापासून आवडली.

खटकला तो गोषवारा. ९५ टक्के सेन्सिटिव्हिटी, ९६ टक्के स्पेसिफिसिटी आणि ‘१०० टक्के निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू’. म्हणजे मॉडेलने नॉर्मल म्हटलं की बाळ नॉर्मल? थोडा हिशोब करू या. एकूण तपासण्या ४,१०८, दोष ०.९ टक्के, म्हणजे साधारण ३७ बाळं. त्यातली ९५ टक्के म्हणजे ३५ सापडली, दोन सुटली. जवळपास ३,९०० ‘नॉर्मल’ निकालांत ही दोन बाळं मिसळली की उत्तर येतं ९९.९५ टक्के. पूर्णांकात लिहिलं की झालं १००! आणि दोष इतका विरळ, की सगळ्यांना डोळे झाकून ‘नॉर्मल’ म्हणणारं यंत्रही ९९.१ टक्के वेळा बरोबर ठरलं असतं.

सेन्सिटिव्हिटीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ८४ ते ९९ आहे. तो लेखकांनी प्रामाणिकपणे दिलाय, पण बातम्या ९५च्याच होतात.

आता दुसरी बाजू. सुमारे ४,०७१ निरोगी बाळांपैकी ४ टक्के, म्हणजे १६३ जणांना खोटा इशारा. थोडक्यात, सहा इशाऱ्यांमागे जेमतेम एक खरा. गोषवाऱ्यात हा आकडा नाही. मोठ्या शहरात दुसऱ्या दिवशी फीटल इको होईलही. तालुक्याच्या गावातल्या बाईला मात्र त्यासाठी प्रवास, खर्च आणि तारखेची वाट. तपासणी विसाव्या आठवड्यात झाली असेल, तर आपल्याकडे कायद्याची २४ आठवड्यांची मर्यादा जवळच असते. त्यापुढे गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं.

म्हणून असं मॉडेल इथे वापरायचं असेल, तर इशारा मिळाल्यापासून फीटल इको होईपर्यंत किती दिवस गेले, हे मला आधी बघायचंय. एयूसी ०.९९ आहे की ०.९७, ते नंतर.