गुलाबी रंगापलीकडची खाडी

हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, ठाणे खाडीत उतरले की नवी मुंबईतल्या नेरुळ-सीवूड्सच्या बांधांवर कॅमेऱ्यांची रांग लागते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात हे पक्षी चरतात आणि भरती चढली की विसाव्यासाठी तळवे किंवा डीपीएस तलावाच्या उथळ पाण्याकडे येतात. त्यामुळे इथला हौशी छायाचित्रकार घराबाहेर पडण्याआधी भरतीची वेळ पाहतो. २०२०च्या टाळेबंदीत या पाण्यावरच्या गुलाबी थव्यांची छायाचित्रं जगभर पोचली आणि त्या हौसेला उधाण आलं.

तंत्रात ही मंडळी खरोखर तयार झाली आहेत. २०१५मध्ये आलेल्या निकॉन पी ९००नं ८३ पट झूम एकाच कॅमेऱ्यात दिला. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० मिलिमीटर लेन्सनी लांबचा पक्षी नोकरदाराच्या बजेटमध्ये आणला. नवे मिररलेस कॅमेरे तर पक्ष्याचा डोळा शोधून फोकस धरून ठेवतात. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० ठेवावा, फिकट पिसांचा तपशील उडू नये म्हणून एक्स्पोजर थोडं खाली आणावं, ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरते तेव्हा महागडी लेन्सही हतबल होते, हे सगळं बांधावर अनोळखी माणसालाही मनापासून समजावलं जातं. कुठल्याही कलेला हेवा वाटावा असं हे मोकळेपण आहे.

तरीही छायाचित्रं एकमेकांसारखी होत चालली आहेत.

उड्डाण, प्रतिबिंब, दोन मानांचं बदामी वळण. मागचे टॉवर, विजेचे मनोरे चौकटीबाहेर कापले जातात, म्हणजे नेमकी नवी मुंबईच कापली जाते. त्यात संगणकावर चढवलेला गुलाबी रंग. मोठा रोहित मुळात फिकट असतो, छोटा रोहित अधिक गडद. पिल्लं राखाडी-तपकिरी असतात आणि शेवाळासारख्या अन्नातल्या रंगद्रव्यांमुळे पुढे गुलाबी होतात. सगळा थवा एकाच रंगात बुडवला की जात आणि वय, दोन्ही पुसलं जातं. उड्डाणाच्या फोटोसाठी विसावलेला थवा मुद्दाम उठवणं तर अक्षम्यच. भरतीतले ते तास पक्ष्यांच्या विश्रांतीचे असतात.

हौशी छायाचित्रणाची मुंबईतली परंपरा वेगळी आहे. १८५४मध्ये स्थापन झालेल्या इथल्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी सक्रिय होते. सोसायटीच्या आश्रयाखाली १८५६पासून निघालेल्या हौशींच्या अल्बमकडे आज अभ्यासक वळतात, ते त्या काळची माणसं आणि ठिकाणं त्यात नोंदली गेली म्हणून.

नवी मुंबईतलं सर्वांत मोलाचं कामही याच जातीचं आहे. २०२४मध्ये डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं आणि नेरुळ परिसरात रोहित मरू लागले, तेव्हा कोरड्या तळाचे आणि मेलेल्या पक्ष्यांचे फोटो नागरिकांच्या तक्रारींचं बळ ठरले. २०२५मध्ये या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळानं मंजुरी दिली. त्याच वर्षी जवळच विमानतळाचं उद्घाटन झालं. खाडीकाठ आता वेगानं बदलणार आहे. एकाच जागेवरून, एकाच भरतीला, वर्षानुवर्षं घेतलेली आणि तारीख-ठिकाण नोंदवलेली मालिका इथल्या हौशींकडून यायला हवी. त्यासाठी लागणारी साधनं आणि कसब त्यांच्याकडे आजच आहे.