वाङ्मयातील धरण आणि विजेचे पाणी

मराठी वाङ्मयात धरण प्रायः दोन रूपांनी आले आहे: राष्ट्राच्या उत्कर्षाचे चिन्ह म्हणून, आणि बुडालेल्या गावाचे दुःख म्हणून. पहिल्या रूपाचा बहर ओसरून बराच काळ लोटला. दुसऱ्याने आपल्या कथा-कादंबरीत मोलाची भर घातली, ह्यात संशय नाही. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न उपेक्षित राहिला आहे. अडविलेले पाणी पुढे कोठे जाते, आणि ते शेतीला द्यावयाचे की विजेला, हे कोणत्या न्यायाने ठरते?

ह्या संदर्भात विश्वास पाटील ह्यांच्या ‘झाडाझडती’चा (१९९१) विचार प्रथम करावा लागतो. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या ह्या कादंबरीने धरणग्रस्ताला करुणेचा विषय न ठेवता त्याला बोलते केले. सरकारी कचेऱ्यांतील दिरंगाई, पुनर्वसनाच्या नावाने झालेली फरफट आणि माणसामाणसांतील स्वार्थ ह्यांचे तिने केलेले चित्रण निर्भीड आहे. विस्थापन हाच तिचा विषय असल्याने पाण्याच्या पुढील वाटेचा जाब तिला विचारणे गैर ठरेल. आमची तक्रार तिच्याविषयी नसून तिच्या यशानंतर रूढ झालेल्या वाचनाविषयी आहे. धरणावरील लेखन म्हणजे बुडिताचे लेखन, असे समीकरण आपण नकळत मान्य केले आहे. वर्गात शिकवितानाही आपण जलाशयाच्या काठाशीच थांबतो.

ह्या समीकरणातून काय निसटते, ते कोयनेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचा स्वाभाविक ओघ पूर्वेकडे. १९६२ पासून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस नेले जाते आणि पोफळी येथे सुमारे ४७५ मीटरांचा उतार साधून वीज निर्माण केली जाते. पुढे ते वाशिष्ठीला मिळून अरबी समुद्रास जाते. धरणाच्या पायथ्याशीही एक लहान वीजगृह आहे. तेथील पाणी यंत्र फिरवून नदीतच उतरते आणि पूर्वेकडील शेतीच्या उपयोगी पडते. म्हणजे पायथ्याचे पाणी दोन कामे करते, तर पोफळीचे पाणी पूर्वेकडील शेताला कायमचे अंतरते. मात्र उताराच्या प्रमाणात शक्ती वाढत असल्याने तेवढ्याच पाण्यातून पोफळीस कित्येक पटींनी अधिक वीज मिळते. ह्या वादात एक पक्ष अज्ञ आणि दुसरा ज्ञानी नाही. दोन्ही गरजा न्याय्य आहेत. बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात कोयनेच्या ह्या पश्चिमवाहिनी पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, ती ह्याच तिढ्यापोटी.

मुळशीची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. १९२१ साली सुरू झालेला आणि सेनापती बापटांच्या नावाशी निगडित असलेला तो सत्याग्रह आपण जमिनीचा लढा म्हणून स्मरतो, आणि ते योग्यच आहे. पण भीमेच्या खोऱ्यातील ते पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते. तेथून कुंडलिकेत सुटल्यावर रोह्याकडील शेतीला त्याचाच आधार होतो. एका खोऱ्याची हानी दुसऱ्या खोऱ्याचा लाभ ठरली. मावळातील शेतकऱ्याचे दुःख ह्यामुळे उणे होत नाही, पण कथा मात्र अधिक अवघड होते. ही अवघड कथा लिहिणारा लेखक आपल्याला हवा आहे.

गोवा आणि बेळगाव येथील वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. म्हादईच्या लवादाने २०१८ साली कर्नाटकास १३.४२ अब्ज घनफूट पाणी दिले, त्यांपैकी ८.०२ अब्ज घनफूट वीजनिर्मितीसाठी आहे. यंत्र फिरवून पाणी नदीतच परतते, ह्या विचाराने अशा वापरास खर्च मानले जात नाही. हिशेबापुरते ते खरेही आहे. तथापि पाणी किती परतते ह्याइतकेच ते केव्हा परतते ह्यालाही महत्त्व असते. नदी वाहावयाची कधी, हे ऋतूऐवजी विजेची मागणी ठरवू लागली, तर खालच्या अंगाच्या माणसाचे जगणेच बदलते. लवादाच्या कोष्टकात हा बदल मावणार नाही. तो टिपणे हे कादंबरीचे काम.

लवाद आणि अभियंते ‘वळविलेले पाणी’ व ‘परतणारे पाणी’ असा भेद काटेकोरपणे करतात. आपले ललित लेखन मात्र दोहोंना ‘पाणी’ ह्या एकाच शब्दात गुंडाळते. हा केवळ माहितीचा अभाव नव्हे. शब्द ढोबळ असला की अनुभूतीही ढोबळ होते. मग लेखनात पुढारी, अधिकारी आणि पीडित असे ठरीव साचे उरतात. वास्तवात मात्र बुडित गावाचा मुलगाच वीजगृहात नोकरीस असू शकतो. दुष्काळी शेतकऱ्याच्या विहिरीवरचा पंपही त्याच विजेवर चालत असेल. एकाच घराच्या ह्या दोन गरजा परस्परांविरुद्ध उभ्या राहतात, तेथे खऱ्या शोकात्मिकेचे बीज आहे.

म्हणून धरणविषयक पुस्तक अभ्यासाला लावताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे नदीचा नकाशाही ठेवावा आणि ह्या कथेतील पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते, हे त्यांना विचारावे. परीक्षण लिहिणाऱ्यांनीही हाच प्रश्न लेखकाला करावा. तो सतत विचारला गेला, तर उत्तर शोधणारी कादंबरी मराठीत लिहिली जाण्याचा संभव आहे.