अरुणचे न दिसलेले घर

विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) मी हिंगोलीच्या वर्गात वाचून दाखविले. दलित कवी अरुण आठवले ज्योतीच्या समाजवादी घरी प्रथम येतो, अवघडतो, मग उद्धट बोलतो. मुली हिरमुसल्या. मागच्या बाकावरचा वसतिगृहातला मुलगा म्हणाला, “सर, त्याला कुठं बसावं तेच कळंना, म्हून तसा बोलला.” घरातला पहिला पदवीधर असलेला मीही एके काळी तसाच बोललो आहे. हा अवघडलेपणा तेंडुलकरांनी अचूक टिपला, हे मान्य. पण अरुणला आपण देवळालीकरांच्या घरात बसूनच पाहतो. त्याचे आईबाप केवळ त्याच्या बोलण्यात येतात. ज्योतीला होणाऱ्या मारहाणीचे समर्थन मी करणार नाही. मात्र तिचे मूळ जातीत शोधणाऱ्या प्रेक्षकाला नाटककार कुठेच अडवीत नाही, ही माझी तक्रार आहे.