‘दंगल’मधलं वजन आणि आपलं वजन



शरीर आणि व्यायाम असा विषय निघाला की बोलावणं डॉक्टरांना जातं, नाहीतर व्यायामशिक्षकांना. सिनेमावर लिहिणाऱ्या माणसाला इथं कशाला उभं केलं, असं काहींना वाटलं असेल. कारण साधं आहे. वजन किती असावं हे डॉक्टर सांगतात, पण कसं दिसावं हे आपल्याला पडदा सांगतो. आणि आपल्यातले बरेच जण व्यायामाला लागतात ते या दुसऱ्या सांगण्यावरून. म्हणून आज मी एकाच सिनेमाबद्दल बोलणार आहे. नितेश तिवारी यांचा ‘दंगल’.

‘दंगल’ 23 डिसेंबर 2016 ला प्रदर्शित झाला. त्याच्या काही आठवडे आधी एक छोटी चित्रफीत आली होती. तुमच्यातल्या अनेकांनी सिनेमाच्या आधी तीच पाहिली असणार. सुरुवातीला 97 किलोचा, पोट सुटलेला आमिर खान. आणि दोन-तीन मिनिटांत तोच आमिर खान पिळदार. प्रत्यक्षात मध्ये पाचेक महिने गेले होते आणि पंचवीसेक किलो वजन उतरलं होतं. म्हणजे महिन्याला पाच किलो! आपल्यासारख्यांना डॉक्टर सर्वसाधारणपणे आठवड्याला अर्धा ते एक किलो, एवढंच सांगतात.

त्या चित्रफितीत आमिर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकतो. वयस्क महावीरचा भाग त्यानं आधी चित्रित करून घेतला आणि तरुण महावीरचा नंतर. का? तर जाड असण्याचा भाग शेवटी ठेवला, तर सिनेमा संपल्यावर वजन उतरवायला काही कारणच उरलं नसतं. माझ्या मते सगळ्या चित्रफितीत ऐकण्यासारखं वाक्य हेच. त्याच्यापाशी प्रशिक्षक होते, आहारतज्ज्ञ होते, दिवसभराचा वेळ होता. तरीही चित्रीकरणाची तारीख नसती तर आपण टिकलो नसतो, असं तो म्हणतोय. पण आपण ऐकलं काय? मनात असलं की होतं! मग सकाळी सहा दहाची लोकल पकडणारी बाई किंवा रात्रपाळी करणारा मुलगा जिमचे वर्षाचे पैसे भरतो, तीन महिन्यांनी आरशात तसं काही दिसत नाही, आणि दोष स्वतःच्या मनाला देतो. पैसे गेल्याचं तितकं वाईट वाटत नाही. आपण आळशीच, हा शिक्का मात्र मनावर बसतो.

बरं, एवढ्या खटाटोपानं कमावलेलं ते शरीर सिनेमात किती वेळ दिसतं? 1988 च्या ऑलिंपिकचं प्रक्षेपण चालू असताना कचेरीत होणारी ती सुरुवातीची कुस्ती आठवा. फार तर काही मिनिटं. बाकी सगळा सिनेमा सुटलेल्या पोटाच्या माणसाचा आहे. आणि गंमत बघा, त्या पोटाला सिनेमात कुणी हसत नाही. तो माणूस पहाटे उठतो, पोरींना पळवतो, स्वतः मातीत उतरतो. लेकीशी कुस्ती धरतो तेव्हा दमतो, हरतो, पण डाव त्याला येतात हे आपल्याला दिसतं. हिंदी सिनेमात जाड माणूस बहुधा विनोदासाठी असतो. इथं तो वस्ताद आहे. हे ‘दंगल’चं मोठं यश, आणि जाहिरातीनं नेमकं तेच झाकलं.

आणखी एक प्रसंग बघा. गिरीश कुलकर्णींनी केलेला प्रशिक्षक गीताला 51 किलो गटात उतरवू पाहतो आणि गीता 55 साठी हट्ट धरते. कथेच्या ओघात हे चटकन निघून जातं. पण मुलीनं अजून बारीक व्हावं असं वरचा माणूस म्हणतोय आणि ती म्हणतेय, नाही, माझी ताकद या वजनात आहे. हे आपल्या पडद्यावर कितीदा ऐकू येतं?

आता दुसरी बाजू, कारण इथं सिनेमा माझ्या मते चुकतो. पतियाळाला गेलेली गीता केस वाढवते, नखं रंगवते, आरशात बघते. आणि मग हरायला लागते. केस पुन्हा आखूड होतात, ती जिंकते. दोन्हींचा संबंध कुणी तोंडानं सांगत नाही; दृश्यांचा क्रमच तो लावून देतो. मुलीला स्वतःचं रूप आवडणं म्हणजे तिचं लक्ष उडणं! एका बाजूला आमिरचं पोट आणि स्नायू जगभर दाखवायचे, आणि गीतानं आरसा पाहिला की तिला हरवायचं. निरोगी नजर या दोन्हींत नाही. स्वतःचं शरीर आवडणं आणि त्याच्याकडून मेहनत घेणं यांत भांडण लावायचं कारणच नव्हतं.

या केसांची गोष्ट पुढं पडद्याबाहेर गेली. विनेश फोगाट ही गीताची चुलत बहीण. टोकियोला ती 53 किलो गटात खेळली होती. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला तिला 50 मध्ये उतरावं लागलं. 6 ऑगस्टला तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत गेली. रात्रभर वजन उतरवायची धडपड चालली, केससुद्धा कापले. 7 तारखेला सकाळी काट्यावर 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. आदल्या दिवशी जगज्जेतीला हरवणारं शरीर एका रात्रीत नापास कसं होतं? नियम नियमाच्या जागी आहे, त्यावर मी बोलत नाही. पण काटा ताकद मोजत नाही, एवढं तरी त्या सकाळी सगळ्या देशानं पाहिलं. विनेशला काट्यावर उभं राहणं भागच होतं. आपल्याला रोज सकाळी कुणी भाग पाडलंय?

मग मोजायचं काय? आपल्या तालमीत नव्या पोराला विचारतात, जोर किती मारतोस, बैठका किती काढतोस, दम किती टिकतो. या तालमींनी बायकांना कित्येक पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, तेव्हा त्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण प्रश्न बरोबर आहेत. दोन जिने न थांबता चढता आले का? नातवाला उचलून घेता आलं का? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणं त्यात येतं, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. त्यात पोट किती आत असावं याचा उल्लेख नाही.

‘दंगल’ पुन्हा बघा, जरूर बघा. मात्र या वेळी सुरुवातीच्या काही मिनिटांतला तरुण महावीर नका न्याहाळू. पोट घेऊन पोरींच्या मागं पळणारा बाप बघा. त्याचं ध्येय आरशात नव्हतं, समोरच्या मातीत होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.